वकिलाच्या दप्तरातील गुपित कोणाचे?

डहाणूहून चारोटीच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावरील आशागड आणि आसपासच्या पाड्यांतील रहिवाशांना न्यायालयाच्या कामासाठी डहाणू गाठावे लागते. जमिनीचा वाद असो, वनहक्काचा दावा असो, वारसनोंद असो की नवरा-बायकोतील तंटा. वकिलाच्या टेबलावर पहिल्याच भेटीत कागदांची पिशवी रिकामी होते. सातबारा, फेरफार, शिधापत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक आणि वकीलपत्रावर उमटवलेला अंगठा. त्याबरोबर भावकीतील आणि घरातील अशा गोष्टी सांगितल्या जातात, ज्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसतात. ही माहिती पुढे कोणाच्या हाती जाऊ शकते, वकिलावर कोणते बंधन असते आणि ते मोडल्यास दाद कोठे मागायची, याची कल्पना पुष्कळ अशिलांना नसते.

डहाणू-तलासरी भागात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग यांसाठी या पट्ट्यात भूसंपादन झाले. मोबदल्याची रक्कम किती, ती कोणाच्या खात्यात व केव्हा जमा होणार, हिस्सेदार किती आणि त्यांपैकी कोण नाराज, ही माहिती दलालाच्या दृष्टीने मोलाची असते. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६अ यांचे निर्बंध आहेत. असे असले तरी अडचणीत सापडलेले कुटुंब कोणते, हे कळल्यावर त्याच्या दारात जाणाऱ्यांची वाण पडत नाही.

दीडशे वर्षांची तरतूद

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, हा केवळ शिष्टाचार नव्हे; तो कायदा आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम १२६ ते १२९ यांत ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आणि हाच विषय आता कलम १३२ ते १३४ मध्ये आला आहे. अशिलाने किंवा त्याच्या वतीने व्यावसायिक कामाच्या ओघात व त्या कामासाठी सांगितलेली गोष्ट, त्या कामात पाहिलेल्या दस्तऐवजातील मजकूर किंवा त्याची स्थिती, तसेच वकिलाने दिलेला सल्ला या तिन्ही बाबी अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करण्यास वकिलाला मनाई आहे.

येथे दोन मुद्दे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला, संमती देण्याचा अधिकार अशिलाचा आहे. वकिलाला स्वतःच्या मर्जीने गुपित खुले करता येत नाही. दुसरा, हे बंधन खटला संपल्यावर, वकीलपत्र काढून घेतल्यावर किंवा अशिलाने दुसरा वकील नेमल्यावरही कायम राहते. दहा वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या दाव्यातील गोष्टही गुपितच असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनी या कर्तव्याला जोड दिली आहे. अशिलाने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेण्यास ते नियम मनाई करतात. एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिलेला, त्याची कैफियत तयार केलेला किंवा त्याच्या वतीने काम पाहिलेला वकील त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभा राहू शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे वकिलांची संख्या मर्यादित असते आणि दोन्ही भाऊ एकाच वकिलाच्या ओळखीचे असतात, तेथे या नियमाची आठवण वारंवार ठेवावी लागते.

संरक्षण कोठे संपते

हे संरक्षण अमर्याद नाही. बेकायदा हेतू साध्य करण्यासाठी केलेले बोलणे त्यात येत नाही. कायद्यातील उदाहरणांवरूनच हा फरक स्पष्ट होतो. आपल्या हातून बनावट दस्त तयार झाला असून आता बचाव करावा, असे अशील सांगतो, तेव्हा ते बोलणे संरक्षित असते. कारण आरोपीचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे. मात्र बनावट दस्ताच्या आधारे मिळकतीचा ताबा मिळवायचा आहे, त्यासाठी दावा लावावा, असे तो म्हणाला तर संरक्षण उरत नाही. वकिलाने काम हाती घेतल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा लबाडी त्याच्या नजरेस आली, उदाहरणार्थ, हिशेबाच्या वहीत सुरुवातीला नसलेली नोंद मागाहून घुसडलेली दिसली, तर तेही गुपितात मोडत नाही.

तसेच सर्वांच्या देखत, विशेषतः विरुद्ध पक्षाच्या समक्ष केलेले बोलणे गोपनीय मानले जात नाही. तडजोडीच्या बैठकीत दोन्ही बाजू एकाच खोलीत बसल्या असतील, तर तेथे उच्चारलेला प्रत्येक शब्द वकील-अशील नात्याच्या आडोशाला जाईल, असे समजू नये.

कारकून, दुभाषा आणि सोबत आलेला माणूस

गुपित फुटते ते बहुधा वकिलाच्या तोंडून नव्हे, तर त्याच्या टेबलाभोवतालच्या वर्दळीतून. अर्ज टंकलिखित करणारा, झेरॉक्स काढून आणणारा मुलगा, तारीख घेणारा कारकून, स्टॅम्पव्हेंडर, नोटरी अशा अनेकांच्या हातांतून एकच कागद जातो. म्हणूनच कायद्याने वकिलाचे कारकून व कर्मचारी आणि दुभाषे यांनाही तेच बंधन घातले आहे.

आशागड परिसरात दुभाष्याचा उल्लेख विशेष अर्थपूर्ण ठरतो. वारली बोलीत सहजपणे व्यक्त होणाऱ्या वृद्ध अशिलाला न्यायालयीन मराठी परकी वाटते. इंग्रजी कागदांची तर गोष्टच नको. अशा वेळी गावातील शिकलेला तरुण, पाड्यावरचा कार्यकर्ता किंवा नात्यातील कोणी सोबत येतो आणि सर्व हकीकत त्याच्या तोंडून वकिलापर्यंत पोहोचते. वकिलाने नेमलेला दुभाषा कायद्याने बांधलेला असतो. परंतु सहज सोबत आलेल्या शेजाऱ्याला तेच बंधन लागू होईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. जमिनीच्या वाटणीच्या प्रकरणात तर सोबत आलेला नातेवाईकच उद्याचा हिस्सेदार किंवा साक्षीदार असू शकतो. नाजूक भाग सांगण्यापूर्वी त्याला बाहेर बसण्यास सांगणे हा अविश्वास नसून सावधगिरी आहे, आणि ती सूचना वकिलाने स्वतः करणे अधिक योग्य.

पोलिसांनी विचारले तर?

तपास यंत्रणेने वकिलालाच बोलावून अशिलाची माहिती मागितली तर काय, हा प्रश्न २०२५ मध्ये देशभर चर्चेत आला. गुजरातमधील एका वकिलाला पोलिसांनी पाठवलेली नोटीस आणि सक्तवसुली संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना बजावलेले समन्स या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कलम १३२ मधील अपवादांत बसत असल्याखेरीज अशिलाच्या प्रकरणाचा तपशील जाणून घेण्यासाठी वकिलाला समन्स काढता येणार नाही. अपवाद असल्यास तो कोणत्या तथ्यांवर आधारलेला आहे हे समन्समध्ये नमूद करावे लागेल. आणि त्यासाठी पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल, असे न्यायालयाने ठरवले.

वकिलाचा संगणक किंवा मोबाइल हवा असल्यास तो तपास अधिकाऱ्यापुढे नव्हे, तर न्यायालयापुढे हजर करावा लागतो. तो उघडताना पक्षकार व वकील उपस्थित राहू शकतात, आपल्या पसंतीचा तंत्रज्ञ सोबत ठेवू शकतात आणि त्यातील इतर अशिलांच्या माहितीची गोपनीयता बाधित होऊ नये, याची काळजी न्यायालयाला घ्यावी लागते. मात्र वकिलाकडे ठेवलेला प्रत्येक कागद या विशेषाधिकाराने झाकला जातो, असा याचा अर्थ नाही. न्यायालयाने मागितलेला मूळ दस्त केवळ वकिलाच्या कपाटात ठेवला म्हणून अदृश्य होत नाही.

मोबाइलमधील दप्तर

पूर्वी दप्तर म्हणजे लाल फितीने बांधलेली फाइल होती. आता सातबाऱ्याचे छायाचित्र, आधारची प्रत आणि पासबुकाचे पान व्हॉट्सॲपवरून वकिलाच्या, कारकुनाच्या आणि झेरॉक्स दुकानदाराच्या मोबाइलवर जाते व काम संपल्यावरही तेथेच राहते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीच्या वापराला या अधिनियमाने बऱ्याच अटींतून सूट दिली आहे. अन्यथा विरुद्ध पक्षाच्या संमतीशिवाय दावाच लिहिता आला नसता. परंतु माहिती सुरक्षित राखण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य या सवलतीतही सुटत नाही. त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकट्या वकिलाचे छोटे कार्यालय असो वा मुंबईतील मोठी सॉलिसिटर फर्म, कर्तव्य एकच.

अंगठ्याच्या ठशाबाबत अधिक दक्षता हवी. तेलंगणात २०१८ मध्ये जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून रबरी प्रतिकृती बनवून त्याआधारे सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार उघडकीस आला होता. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठ्याचा स्पष्ट ठसा हे तिन्ही एकाच फाइलमध्ये असणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवण्यासारखे आहे. जेथे चालत असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत द्यावी, प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली ते लिहावे, गरज नसताना आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवावेत आणि कोऱ्या कागदावर अंगठा कदापि देऊ नये.

कागद परत मागण्याचा हक्क

फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निःसंदिग्ध निर्णय दिला : न मिळालेल्या फीसाठी अशिलाचे कागद रोखून धरण्याचा अधिकार वकिलाला नाही. फीच्या वसुलीसाठी अन्य कायदेशीर मार्ग आहेत. साहजिकच मूळ कागद देताना त्यांची यादी करून पोच घेणे आणि काम संपल्यावर त्याच यादीनुसार ते परत घेणे हिताचे.

दाद कोठे मागावी

गोपनीयतेचा भंग हे व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकते. त्याविरुद्ध ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकून ताकीद देऊ शकते, सनद ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव पटावरून कमी करू शकते. समितीच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तक्रारीत काय उघड झाले, कोणाला, केव्हा आणि त्यामुळे कोणते नुकसान झाले, हे तारखांसह मांडावे लागते. केवळ खटला हरल्याचा राग तक्रारीस पुरेसा होत नाही.

फी परवडत नाही म्हणून गुप्ततेवर पाणी सोडावे लागते, हाही गैरसमज आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. समितीने नेमलेल्या वकिलावर गोपनीयतेचे बंधन फी घेणाऱ्या वकिलाइतकेच असते. आशागडच्या पाड्यावरून आलेल्या शेतकऱ्याने मोफत वकिलापुढे सांगितलेली हकीकत आणि मुंबईच्या उद्योगपतीने आपल्या सॉलिसिटरला दिलेली कागदपत्रे यांत कायदा फरक करत नाही. तो लाभ प्रत्यक्षात पदरी पडावा, यासाठी पहिल्याच भेटीत माझे कागद कोण पाहणार, ते कोठे राहणार आणि मला परत केव्हा मिळणार, हे तीन प्रश्न अशिलाने विचारावेत. त्यांची उत्तरे देणे हा वकिलाच्या कामाचाच भाग आहे.