पुण्याजवळ घडलेलं नाक

वैद्यकाचा इतिहास म्हटला की आपल्याला डॉक्टर आठवतात. पण मी आज ज्या शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे, ती जगापुढे आली ती एक कारागीर, एक रुग्ण आणि एक चित्रकार यांच्यामुळे.

कावसजी हा शेतकरी जातीतला मराठा. इंग्रज फौजेत बैल हाकायचा. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात तो कैद झाला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ त्यानं तसाच काढला. मग पुण्याजवळ वीट घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं.

पद्धत पाहा. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेनं रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. कातडी खाली वळवून बसवायची, वर काताचा लेप दिलेल्या चिंध्या लावायच्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची. ईथरची भूल १८४६ नंतरची. कावसजीनं हे सारं त्याआधी सोसलं. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घ्यायला सांगितलं आहे; इथे कपाळाची घेतली.

मुंबई इलाख्यातल्या क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला. १८१४ मध्ये त्यानं लंडनमध्ये जिवंत माणसावर हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक वाट अशी पुण्याहून गेली.

शब्दांवर कदाचित कोणी विश्वास ठेवला नसता. चित्रानं ते काम केलं. आणि आपला चेहरा चित्रकारासमोर धरणाऱ्या कावसजीनंही. चित्रकाराचं नाव राहिलं, डॉक्टरांची राहिली, रुग्णाचंही राहिलं. ज्याच्या हातानं ते नाक घडलं, त्याचं नाव मात्र त्या हकिकतीत कोणी लिहिलं नाही. कार्प्यूचं नाव घेताना त्या पुण्याच्या कारागिराला निदान एक नमस्कार करावा, असं मला वाटतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)