देवमासे आणि नौदलाची ‘सोनार’ यंत्रणा

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा किनाऱ्याला लागला. मच्छीमार आणि वन विभागाच्या प्रयत्नांनंतरही तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर देवमाशाचे कलेवर आले, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू अडकले. अशा घटनांनंतर नौदलांच्या ‘सोनार’ यंत्रणेविषयी प्रश्न उपस्थित होतो. त्यात तथ्य किती?

यंत्रणा कशी चालते?
रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात फार दूर जात नाहीत. ध्वनी मात्र हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. युद्धनौका पाण्यात तीव्र ध्वनिलहरी सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेतात. हा सक्रिय प्रकार होय. निष्क्रिय प्रकारात केवळ ऐकले जाते; त्यापासून हा धोका नाही. देवमासेही संपर्क, दिशा आणि भक्ष्यशोध यांसाठी ध्वनीवरच विसंबून असतात. संघर्षाचे मूळ येथे आहे.

पुरावे काय सांगतात?
मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले. त्यांत बहुसंख्य चोचीचे देवमासे होते. मध्यम कंप्रतेच्या सोनारचा त्यात वाटा असल्याचे अमेरिकी नौदलाच्या सहभागाने तयार झालेल्या २००१ च्या अहवालात मान्य करण्यात आले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सरावाच्या वेळी १४ चोचीचे देवमासे किनाऱ्यावर आले. मृत प्राण्यांच्या ऊतींमध्ये वायूचे बुडबुडे आढळले. पाणबुड्यांना वेगाने वर आल्यास होणाऱ्या विकारासारखीच ही लक्षणे होती. घाबरून नेहमीचा सूर मारण्याचा क्रम बिघडल्याने असे होत असावे, असे संशोधक मानतात. स्पेनने २००४ मध्ये तेथे सोनारवर बंदी घातली.

मृत्यू हा टोकाचा परिणाम झाला. कॅलिफोर्नियाजवळ निळ्या देवमाशांच्या अंगावर नोंदयंत्रे चिकटवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनारसारखा आवाज ऐकवताच खोल पाण्यात भक्ष्य टिपणाऱ्या काही देवमाशांनी खाणे थांबवले आणि ते दूर निघून गेले. पृष्ठभागाजवळ खाणाऱ्यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

कोकणात काय करता येईल?
एकटा देवमासा किनाऱ्याला लागला म्हणून सोनारला दोषी धरता येत नाही. आजार, जहाजाची धडक, जाळ्यात अडकणे किंवा पिल्लाची आईपासून ताटातूट हीही कारणे असतात. एकाच सुमारास, किनाऱ्यावर विखुरलेले अनेक प्राणी आणि जवळच चाललेला नौदल सराव, असा मेळ बसल्यास संशय बळावतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने देवमाशांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. मात्र मृत्यूचे कारण शोधायचे, तर कान व ऊतींची तपासणी कलेवर ताजे असतानाच व्हावी लागते, आणि तिचे निष्कर्ष सरावांच्या वेळापत्रकाशी पडताळावे लागतात. उष्ण हवेत कलेवर झपाट्याने कुजते. तपासणीआधीच ते वाळूत पुरले गेले, तर नौदल दोषी की निर्दोष, याचे उत्तरही त्याच्यासोबत गाडले जाते.