वसतीचा हक्क आणि सुनावणीचा हक्क

मनुष्याने कोठे राहावे, देऊळ कोठे बांधावे, शाळेसाठी जागा कोठे राखावी, याचा निर्णय ज्या कचेरीत होतो तेथे त्याचे म्हणणे ऐकले जाते की नाही, यावरून त्याचे समाजातील स्थान ओळखावे. या कसोटीवर आपल्या गिरमिटिया पूर्वजांचा इतिहास तपासला, तर टार्निटमधील जमीन-नियोजनाच्या सुनावण्यांचे खरे मोल ध्यानी येईल.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यास लागले. पुढे कोकणातूनही माणसे गेली. त्यांची वसती म्हणजे उसाच्या मळ्यातील कँप. झोपडी मळेवाल्याची आणि तिच्याखालची जमीनही त्याचीच. बरे, करार संपला म्हणजे मनुष्य मोकळा झाला, असेही नव्हते. १८६७ च्या मजूर-कायद्याने जुन्या मजुरांना छायाचित्र असलेले तिकीट व जिल्ह्यापुरता पोलिसांचा पास जवळ बाळगण्याची सक्ती केली. पास नसला की भटक्या ठरवून अटक! आपली राहण्याची जागा आपण निवडणे हाच जणू अपराध ठरला.

या अन्यायास वाचा फुटली ती १८७१ साली. अदॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या गृहस्थाच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. त्याबद्दल द प्लेव्हिट्झ यांना मारही खावा लागला. परंतु १८७२ साली फ्रियर व विल्यमसन यांचे शाही चौकशी मंडळ मॉरिशसला आले, साक्षी घेतल्या आणि १८७५ साली अहवाल प्रसिद्ध झाला. पुढील दशकांत मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकावयास काढले, तेव्हा पैपै साठविलेल्या मजुरांनी ते घेतले आणि त्यांच्यापैकी अनेक जण प्रथमच स्वतःच्या जमिनीचे धनी झाले.

आता टार्निटच्या भूमीकडे पाहू. येथे प्रथम निर्णय झाला तो कोणासही न विचारता. १८३५ साली जॉन बॅटमनने येथील मूळ रहिवाशांशी केलेला करार गव्हर्नर बर्क यांनी त्याच वर्षी जाहीरनाम्याने रद्द ठरविला व भूमी राजसत्तेची म्हणून घोषित केली. वाडवरंग व बुनुरंग लोकांची सुनावणी कोठेच झाली नाही. आपण ज्या भूमीवर घरे बांधतो तिचा हा इतिहास आपण विसरता कामा नये.

त्यानंतर दीर्घकाळ येथे शेती व मेंढरे होती. मेलबर्नची नागरी सीमा २०१० साली वाढविण्यात आली; उत्तर टार्निटचा परिसर-रचना आराखडा २०१४ साली मंजूर झाला; जून २०१५ मध्ये रेल्वे स्थानक उघडले; आणि २०२१ च्या जनगणनेत टार्निटची लोकसंख्या ५६,३७० भरली.

व्हिक्टोरियाच्या १९८७ च्या नियोजन कायद्याने जागेवर सूचनाफलक लावणे, बाधित होणाऱ्या व्यक्तीने आक्षेप नोंदविणे व पुढे न्यायाधिकरणाकडे दाद मागणे, असा मार्ग आखून दिला. बेंडिगो येथील मशिदीच्या प्रकरणी आक्षेपकांचे म्हणणे ऐकून न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१५ मध्ये परवाना कायम केला. जून २०१६ मध्ये हायकोर्टाने अपिलाची अनुमती नाकारली. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हे त्यातून दिसते.

तथापि वाढत्या भागांसाठी केलेल्या नियमांत एक सूक्ष्म भेद आहे. परिसराचा आराखडा एकदा मंजूर झाला की त्यास अनुसरून आलेल्या अर्जांना सामान्यतः शेजाऱ्यांस सूचना देण्याची आवश्यकता उरत नाही, आक्षेपकांस अपीलही उरत नाही. याचा अर्थ उघड आहे. मैदान, शाळा, सभागृह, प्रार्थनास्थळ यांची जागा कोठे असावी हे सांगण्याची खरी वेळ आराखड्याच्या प्रसिद्धीची व पॅनेलपुढील सुनावणीची होय. विटा रचल्यावर तक्रार करणे म्हणजे वराती मागून घोडे!

म्हणून बंधुभगिनींनो, नगरपालिकेची सूचना वाचावी, मुदतीत लेखी निवेदन द्यावे, सुनावणीस हजर राहावे. आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळाचा अर्ज आल्यास त्यालाही न्याय्य दृष्टीने पाहावे. ज्यांच्या पूर्वजांना राहण्यासाठी पास दाखवावा लागला, त्यांनी आपल्या वसतीविषयी बोलण्याची संधी आळसाने दवडू नये. त्या ९,४०१ जणांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.