करवत, काटा आणि पीळ

लॅटिन 'इन्स्टाबिलिस' आणि संस्कृत 'अस्थिर' हे एकाच घराण्यातले. 'स्टा' आणि 'स्था' हा धातू तर एकच, पण नकार दाखवणारे 'इन्' आणि 'अ' हे उपसर्गही एकाच मुळातून फुटलेले. त्यामुळे 'इन्स्टॅबिलिटी'ला मराठी शब्द शोधत कुठे जावे लागत नाही. अणुसंमीलनाच्या अभ्यासकांना मात्र याच शब्दाने पाऊणशे वर्षे झोप लागू दिलेली नाही.

ज्याला ते स्थिर करू पाहतात, त्याचे नाव प्लाझ्मा. ग्रीक 'प्लास्सेइन' म्हणजे मातीला आकार देणे. 'प्लाझ्मा' म्हणजे घडवलेली वस्तू. प्लॅस्टिक आणि प्लॅस्टर तिथलेच. एकोणिसाव्या शतकात वैद्यकाने हा शब्द रक्तद्रवासाठी घेतला आणि १९२८ साली अमेरिकेत आयर्विंग लँगम्यूर यांनी तो आयनीभूत वायूला दिला. रक्तद्रव पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, ही कल्पना त्यांच्या मनात होती, असे त्यांचे सहकारी मॉट-स्मिथ यांनी पुढे सांगितले. आकार घेण्याचे नाव मिळालेला हा पदार्थ कोट्यवधी अंश तापमानाला कोणताही आकार धरायला तयार नसतो. मराठी विश्वकोशाचा 'आयनद्रायू' मला म्हणूनच आवडतो: त्यात काय आहे, ते तो सरळ सांगतो.

त्याला धरायला भिंत चालत नाही, चुंबकीय क्षेत्र लागते. १९५०च्या दशकात मॉस्कोत त्यासाठी कडीच्या आकाराचे पात्र बनले. 'चुंबकीय वेटोळी असलेले कडीच्या आकाराचे पात्र' या रशियन शब्दांची आद्याक्षरे जोडून 'टोकामॅक' झाला. रशियनमध्ये 'टोक' म्हणजे विद्युतप्रवाहही, आणि या यंत्रात प्लाझ्मातून प्रचंड प्रवाह वाहतो, हा योग छान जुळला.

उपद्रव त्या प्रवाहाचाच. प्रवाहाचा स्तंभ किंचित वाकला, की बाकाच्या आतल्या बाजूला चुंबकीय रेषा दाटतात आणि स्तंभाला आणखी बाहेर ढकलतात. वाकलेले अधिकच वाकते. याचे नाव 'किंक'. हा शब्द डच खलाशांचा, दोरखंडाला पडलेल्या पिळाचा, आणि तो इथे चपखल बसला. स्तंभ एखाद्या जागी आवळला गेला तर तिथे क्षेत्र वाढते, तो आणखी आवळतो आणि सॉसेजच्या माळेसारखा दिसू लागतो. तेव्हा ती 'सॉसेज' अस्थिरता.

पुढची नावे आलेखांवरून पडली. १९७४ साली प्रिन्स्टनच्या टोकामॅकमध्ये क्ष-किरणांची नोंद पाहताना दिसले, की गाभ्याचे तापमान सावकाश चढते आणि एकदम कोसळते, पुन्हा चढते, पुन्हा कोसळते. रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटत होती, म्हणून 'सॉटूथ'. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच पीडीएक्स यंत्रावर वेगवान आयन बाहेर फेकले जात असताना चुंबकीय संकेत मधे फुगून दोन्हीकडे निमुळते होणाऱ्या झटक्यांनी उमटत होते. त्या रेघोट्यांत माशाचा सांगाडा दिसला, आणि नाव पडले 'फिशबोन'.

सगळ्यात भीतीदायक शब्द मात्र डोळ्यांनी दिलेला नाही. प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत विझून त्याची उष्णता आणि प्रवाह भिंतीवर आदळतो, त्याला 'डिसरप्शन' म्हणतात. लॅटिन 'रुम्पेरे' म्हणजे फोडणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'लुप्'शी जोडतात. आपला 'लोप' आणि 'लुप्त' त्यातलेच. दक्षिण फ्रान्समधल्या इटर यंत्रात दीड कोटी अँपिअर प्रवाहाची योजना आहे. तो असा लोपला तर यंत्राच्या भिंतीचे मोठे नुकसान होऊ शकते.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांना विनंती आहे. प्रिन्स्टनच्या मंडळींनी पडद्यावर जे दिसले तेच नाव दिले. आपणही तसेच करावे. सॉटूथला करवत म्हणा, फिशबोनला काटा, आणि किंकला पीळ.