खर्जाचा सांधा : सबवूफर घरात कसा आला

आजचा थ्रेड एका अशा यंत्राविषयी आहे, जे नीट जुळले की वाजते आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सबवूफर म्हटले की आपल्यापुढे मिरवणुकीतील छाती हादरवणारी भिंत उभी राहते. घरच्या स्टिरिओतील सबवूफरचा इतिहास मात्र नेमका उलट दिशेने घडला.

मुळात खर्ज एवढा महाग का, ते पाहू. डबल बेस या वाद्याची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. त्या सुराची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक. असा सूर उमटवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणूनच १९५० च्या आसपास शौकिनाच्या घरातील चांगला स्पीकर म्हणजे जवळजवळ कपाटच असे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हे चित्र पालटले. त्यांनी पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यांच्या ‘एआर-१’ या आटोपशीर पेटीतून खोल, स्वच्छ खर्ज येऊ लागला. अर्थात, अशा पेटीला अॅम्प्लिफायरची ताकद जास्त लागते. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो : छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. दुकानदार तिन्हींचे आश्वासन देऊ लागला, तर हॉफमन आठवावेत.

१९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाऐवजी दोन पेट्यांसाठी जागा शोधावी लागली. मग दोघींतील खर्ज काढून तिसऱ्या एकाच पेटीकडे सोपवला तर? हे शक्य होते. सुमारे ८० हर्ट्झखालचा सूर कोणत्या बाजूने येतो, हे आपल्या कानांना नीट कळत नाही. शिवाय सुई उडू नये म्हणून तबकड्यांवरील खोल खर्ज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच कोरलेला असे. १९६८ मध्ये इन्फिनिटी कंपनीने ‘सर्व्हो-स्टॅटिक’ संचात अठरा इंची वूफर स्वतंत्र पेटीत दिला. कारण त्यातील इलेक्ट्रोस्टॅटिक पडदे वरचे सूर सुरेख गात, पण खर्जात थिटे पडत.

चित्रपटांनी दुसरी वाट धरली. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’साठी युनिव्हर्सलने ‘सेन्सराउंड’ आणले. भूकंप प्रेक्षकांना अंगावर जाणवावा, हा हेतू. (जाता जाता : पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील दणदणाटाला ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव ज्यांचे, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि त्यांची पहिली कीर्ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याची!)

घरात मात्र खरी अडचण निघाली सांध्याची. स्पीकर जिथे थांबतो आणि सबवूफर जिथे सुरू होतो, तिथे काही सूर दोघेही गातात. त्यांची कंपने एका पावलाने पडली नाहीत, तर एक दुसऱ्याला पुसून टाकतो आणि संगीतात खड्डा पडतो. १९७६ मध्ये सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी यावर शोधनिबंध लिहिला. सहकारी रस रायली यांच्यासह त्यांचे नाव लाभलेल्या क्रॉसओव्हरमध्ये दोन्ही बाजू सांध्यावर प्रत्येकी ६ डेसिबलने खाली येतात, पण एकाच फेजमध्ये असतात. बेरीज सपाट येते. पुढे घरगुती चित्रपटसंचांसाठी टीएचएक्सने ८० हर्ट्झ हा सांधा रूढ केला.

उरली खोली. आपल्याकडच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे गणित पाहा : बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला हवा डोलू लागते. भिंतीलगत हे सूर घुमतात, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. पक्क्या भिंती असल्या तर घुमणे अधिकच. म्हणून माझ्या मते घरासाठी निवड करताना वूफरच्या इंचांपेक्षा क्रॉसओव्हर आणि फेज बदलण्याची सोय आधी पाहावी. छोट्या खोलीत हवाबंद पेटी पुष्कळदा पुरते.

जागा ठरवण्याची युक्ती मजेशीर आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाची गत लावावी आणि स्वतः जमिनीलगत रांगत फिरावे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे तो ठेवावा. यामागे हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेले तत्त्व आहे : ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी ऐकू येणारे तेच राहते. मग फेजचे बटण ० आणि १८० अंशांवर फिरवून पाहावे. सांध्यापाशी खर्ज जिथे भरीव वाटेल, ती बाजू बरोबर. आवाजाची पातळी अगदी शेवटी लावावी, आणि सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव भासेल इतकी कमी.

एवढे करूनही एखादा सूर घुमत राहिला, तर २००२ चे टॉड वेल्टी यांचे संशोधन उपयोगी पडते. त्यांनी आयताकृती खोलीत अनेक सबवूफर वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोनांनीच खर्ज बैठकीवर बराच समान पसरला; चारही भिंतींच्या मध्यावरील चारांनी त्याहून थोडा अधिक.