तहसीलदार करिता, रूट करिता

हदगावच्या तहसील कार्यालयातून निघालेल्या पत्राच्या तळाशी पदनाम तहसीलदाराचे असते. सही मात्र पुष्कळदा नायब तहसीलदाराची किंवा अव्वल कारकुनाची असते, आणि तिच्यासोबत ‘करिता’ असे लिहिलेले असते. तेवढ्या कागदापुरता तहसीलदाराचा अधिकार सही करणाऱ्याच्या हाती असतो. कोणत्या कागदावर अशी सही चालते आणि कोणत्यावर नाही, हे आधी ठरलेले असते म्हणून कारभार अडत नाही.

हीच सोय डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सला करून दिली. युनिक्सवर ‘रूट’ हा सर्वाधिकारी. पासवर्डांची फाइल त्याच्या ताब्यात असते आणि इतर कुणी तिला हात लावू शकत नाही. मग साध्या वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? रिचींचे उत्तर असे, की पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर ‘सेटयूआयडी’ नावाची खूण करायची. मग तो कुणीही चालवला तरी चालतो रूटच्या अधिकाराने. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १६ जानेवारी १९७९ रोजी ते मिळाले आणि पुढे ते सर्वांना खुले करण्यात आले. आजही युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर फाइलींची यादी काढली तर काही प्रोग्रॅमांच्या परवान्यांत ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसतो. ती हीच खूण.

अशा प्रोग्रॅमला हुकूम देतो साधा माणूस आणि हात चालतो रूटचा. हुकूम तपासण्यात प्रोग्रॅम कुठे चुकला, तर साधा माणूस रूट होऊन बसतो. याला ‘लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन’ म्हणतात. ‘लोकल’ म्हणजे हल्लेखोर बाहेरचा नव्हे, त्याचे त्या यंत्रावर आधीच खाते आहे. घरच्या एकट्याच्या संगणकावर हे किरकोळ वाटते. पण युनिक्स जन्मले तेच एका यंत्रावर अनेकांनी काम करण्यासाठी. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि त्यानंतर भारतीय बँकांच्या शाखांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रे आली. आजही पुण्याच्या ‘आयसर’मधल्या परम ब्रह्म या महासंगणकावर अनेक संशोधक आपापल्या खात्यातून कामे टाकतात, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच लिनक्स सर्व्हरवर सगळ्या वर्गाची खाती असतात. अशा ठिकाणी ‘आतला माणूस’ म्हणजे सगळेच.

सेटयूआयडीच्या इतिहासातला एक धडधडीत प्रसंग खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, एक्स ११, सप्टेंबर १९८७ मध्ये आली. पडद्यावर चित्र उमटवणारा तिचा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे एक्स सर्व्हर. पीसीवर त्याला ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलावे लागे आणि ते रूटशिवाय कुणाला करता येत नसे. म्हणून त्यावर सेटयूआयडीची खूण आली. लाखो ओळींचा हा प्रोग्रॅम रूटचा अधिकार घेऊन उभा राहिला. पासवर्ड बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला अधिकार उसना देणे आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्याला देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण सोय झाली की अशा फरकाकडे कोण पाहतो!

या सर्व्हरला सुरू करताना जे पर्याय देता येतात त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. एक ‘मॉड्यूलपाथ’, म्हणजे जोडायचे सुटे भाग कोणत्या फोल्डरमधून उचलायचे. दुसरा ‘लॉगफाइल’, म्हणजे कामाची नोंद कोणत्या फाइलीत लिहायची. पहिला पर्याय भलत्याच्या हाती गेला तर तो स्वतःचा कोड रूटच्या अधिकाराने चालवून घेईल. दुसरा गेला तर यंत्रावरची कोणतीही फाइल खोडून तिथे स्वतःचा मजकूर लिहवून घेईल. म्हणून हे दोन्ही पर्याय फक्त रूटने वापरावेत अशी तपासणी कोडमध्ये होती.

ती पहिल्यांदा फसली २००६ मध्ये. अट साधी होती: सर्व्हर सुरू करणारा खुद्द रूट असेल, किंवा सर्व्हर रूटच्या अधिकाराने चालत नसेल, तर परवानगी द्या. दुसरा भाग तपासण्यासाठी सी भाषेतले एक फंक्शन बोलवायचे होते. लिहिणाऱ्याने फंक्शनचे नाव लिहिले आणि पुढचे दोन कंस विसरला. कंस नसले की सी भाषा ते फंक्शन चालवत नाही, त्याचा मेमरीतला पत्ता उचलते. पत्ता कधी शून्य नसतो, त्यामुळे अट नेहमीच खरी ठरे आणि परवानगी सगळ्यांनाच मिळे. कव्हेरिटी या कंपनीच्या कोड तपासणाऱ्या साधनाला हे दिसले आणि मार्च २००६ मध्ये दुरुस्ती झाली. दुरुस्ती म्हणजे ते दोन कंस.

पुढे जानेवारी २०१४ मध्ये याच प्रणालीच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागात एक चूक सापडली. ती १९९१ पासून तिथे होती. बावीस वर्षांत किती डोळे त्या ओळींवरून फिरले असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

२०१६ मध्ये एक्स सर्व्हरच्या कोडची साफसफाई चालू होती. ठिकठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेल्या तपासण्या काढून त्यांच्या जागी एकच सामाईक तपासणी बसवण्यात आली. हेतू चांगला होता. पण ही सामाईक तपासणी मुळात कॉन्फिगरेशनच्या फाइलींसाठी लिहिलेली होती. ती ‘तुम्ही रूट आहात का’ असे विचारत नसे. फाइलीचा पत्ता मुळापासून सुरू होणारा नसावा आणि त्यात मागच्या फोल्डरकडे नेणारे दोन ठिपके नसावेत, एवढेच ती पाही. कॉन्फिगरेशनपुरते ते पुरेसे होते, कारण तसा अर्धा पत्ता ठरलेल्या फोल्डरांतच शोधला जातो. लॉगफाइलच्या बाबतीत मात्र अर्धा पत्ता म्हणजे वापरकर्ता त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये उभा असेल तिथून पुढचा पत्ता. म्हणजे आधी पासवर्डांच्या फोल्डरमध्ये जाऊन उभे राहायचे आणि मग लॉगफाइलचे नुसते नाव सांगायचे. तपासणी त्याला हसतमुखाने वाट करून देई. नोव्हेंबर २०१६ च्या १.१९ आवृत्तीबरोबर हा बदल जगभर पोचला. दहा वर्षांच्या अंतराने तेच दोन पर्याय पुन्हा उघडे पडले, आणि तेही आधीची दुरुस्ती आवराआवरीत निघून गेल्यामुळे.

ही चूक शोधून काढली नरेंद्र शिंदे या भारतीय सुरक्षा संशोधकाने. शिंदे आणि रेड हॅट ही लिनक्स कंपनी यांनी ती कळवली, अशी नोंद दुरुस्तीच्या टिपेतच आहे. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी एक्स प्रणाली सांभाळणाऱ्या एक्स.ऑर्गने ती जाहीर केली आणि सुरक्षेतल्या चुकांच्या सामाईक यादीत तिला सीव्हीई-२०१८-१४६६५ हा क्रमांक मिळाला. मॅथ्यू एर्ब यांनी लिहिलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, इतका लहान होता, की त्यात वाचण्यासारखे फार काही नव्हते: अधिकार उसना असेल तर हे दोन पर्याय नाकारा आणि थांबा. दुरुस्त आवृत्ती १.२०.३ म्हणून निघाली. हल्लाही तेवढाच लहान होता. मॅथ्यू हिकी या संशोधकाने तो एका ट्वीटमध्ये बसवून दाखवला. पासवर्डांची फाइल लॉग म्हणून उघडायची आणि फॉन्टच्या पर्यायातून तिच्यात आपली ओळ लिहवून घ्यायची, एवढाच त्याचा गाभा.

सर्वांत जास्त बोचले ते ओपनबीएसडीला. सुरक्षेबद्दल अतिशय काटेकोर म्हणून युनिक्सच्या कुळातल्या या प्रणालीची ख्याती आहे. तिची ६.४ आवृत्ती अवघ्या आठवडाभरापूर्वी, १८ ऑक्टोबरला बाहेर पडली होती आणि ती या चुकीसकट. इतर प्रकल्पांना आधी कळवले, आम्हाला का नाही, असा जाहीर सवाल तिचे प्रमुख थिओ डी राड्ट यांनी केला. गंमत अशी, की एर्ब हे एक्स.ऑर्गच्या सुरक्षा गटात होते आणि ओपनबीएसडीचा एक्सही तेच सांभाळत. दोन घरांच्या एकाच कारभाऱ्याने चूक जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवण्याचा नियम पाळला आणि त्याचे एक घर उघडे राहिले. नियम पाळणे इथे बरोबर होते असे म्हणणे कठीण आहे, आणि मोडणे बरोबर ठरले असते असे म्हणणेही सोपे नाही.

पॅच येईपर्यंत काय करायचे, याचे उत्तर एक्स.ऑर्गने जाहीर सूचनेतच दिले होते: सर्व्हरवरची सेटयूआयडीची खूण काढून टाका. एका कमांडचे काम. ज्यांना टर्मिनलमधून हाताने एक्स सुरू करायची सवय होती त्यांची त्यामुळे अडचण होणार होती आणि त्यांनी लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम वापरावा असे सुचवले होते. लॅब सांभाळणाऱ्या माणसाला असे उपाय पॅचपेक्षा जवळचे वाटतात. अपडेट उतरवायला इंटरनेट लागते, वेळ लागतो, सर्व्हर थांबवायची परवानगी लागते. खूण काढायला यांतले काही लागत नाही. आयबीएमच्या एआयएक्सवरही हीच चूक वापरता येते असे लवकरच दिसून आले. एआयएक्स हे बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवरचे युनिक्स, आणि तिथे परवानगीचा मामला आणखी मोठा.

खरे तर तोवर या खुणेची गरजच अनेक ठिकाणी संपत आली होती. ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचे काम २००९ च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्याकडे गेले. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरा २१ ने २०१४ मध्ये आणि डेबियन ९ ने २०१७ मध्ये एक्स सर्व्हर रूटशिवाय चालवण्याची वाट धरली. ओपनबीएसडीने २०१९ च्या ६.५ आवृत्तीत त्याची खूण कायमची काढली. म्हणजे २०१८ च्या त्या गदारोळात जे होरपळले त्यांतल्या कित्येकांकडे हा अधिकार गरज म्हणून नव्हे, जुनी रीत म्हणून शिल्लक होता.

पुढच्या घटनाही याच वळणाने गेल्या. पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या क्वालिस कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्झेक’ या सेटयूआयडी प्रोग्रॅममधली चूक जाहीर केली. ती २००९ पासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या जन्मापासून, तिथे होती, आणि तात्पुरता उपाय पुन्हा तोच, खूण काढा. २०२४ मध्ये लिनक्स यंत्र सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीत ‘रन०’ आले. त्यात रूटचे काम करून घेता येते, पण सेटयूआयडी अजिबात लागत नाही. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या २०२५ च्या दहाव्या आवृत्तीतून एक्स.ऑर्ग सर्व्हरच वगळला. रूटचा अधिकार मिळवून देणारे सुडो आणि एसयू, आणि रिचींच्या उदाहरणातला तो पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम मात्र बहुतेक लिनक्स यंत्रांवर अजून आपला ‘एस’ बाळगून आहेत.