पितळेची पहिली घडण

रतनपूरच्या इ. स. ११०० मधील शिलालेखांत ‘भानारा’ असें एक नांव येतें. तेंच आजचें भंडारा, असें अभ्यासक मानतात. लोकांची व्युत्पत्ति मात्र ‘भाणें’ म्हणजे ताट या शब्दाशीं नातें जोडते. भाषाशास्त्र कांहींही म्हणो, पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवास ती शोभते खरी.

भांड्याची झळाळी सर्वांस दिसते. तें ज्या ओबडधोबड अवस्थेंतून निघतें, तिकडे ग्राहकाचें लक्ष क्वचितच जातें. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. जस्त तर ९०७ अंशांवरच वाफ होऊन उडूं लागतें. म्हणून मुशींत जस्त केव्हां व किती घालावें, यांतच अर्धें कसब. ओतलेली लगड ठोकून पत्रा करावयाचा, त्याची चकती कापावयाची, आणि ती फिरवीत फिरवीत खोलगट करावयाची. ठोक्यांनीं पितळ कठीण होत जातें. तसेंच रेटल्यास तें तडकतें. यासाठीं तें पुनःपुन्हां आगींत तापवून मऊ करावें लागतें. हातोड्याचा नाद बदलला कीं जाणता कारागीर थांबतो. घागरीचे भाग निरनिराळे घडवून सांधा झाळतात. मठारणें, म्हणजे बारीक व सारखे ठोके देणें, आणि घांसणें हें सर्व त्यानंतरचें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील गिरण्यांचा लाटलेला पत्रा मुंबई बंदरांत उतरूं लागला. १८८७ मध्यें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिचा मार्ग भंडाऱ्याजवळ वरठीवरून जाई. तयार पत्र्यानें लगड ठोकण्याचे जीवघेणे श्रम वांचविले. त्याबद्दल हळहळणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु मूस व लगड ज्याच्या हातची गेली, तो पत्र्याच्या भावासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागला. पुण्याच्या तांबटांतही व्यापारी धातु देई आणि कारागीर मजुरी घेई.

पुढें नवी धातु आली. मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमचीं भांडीं करविण्यास प्रारंभ केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोलादी भांड्यांनीं स्वयंपाकघर व्यापलें. तरीही जुनें पितळ मोडींत घालून नवें घेण्याची रीत दीर्घकाळ टिकली. मोडीचें वजन तराजूंत चोख होई, घडणावळीवर मात्र दुकानांत घासाघीस चाले.